साहेब उगवायच्या आत

सूर्याशी ज्याचं वैयक्तिक भांडण आहे असा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. उन्हाला नावं ठेवणारी माणसं सोलापुरात घरोघरी आहेत. ते आमचं सार्वजनिक काम आहे. पण ती माणसं संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात, वर गाद्या टाकतात आणि झालेलं विसरून जातात. साडूबुवा विसरत नाहीत. शेजारच्या प्लॉटवाल्यानं कुंपण गुपचूप हातभर सरकवलं की आपण त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं ते भर थंडीतसुद्धा सूर्याकडे बघतात. कारण त्यांची विमानं. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिचे हे यजमान निवृत्त झाल्यापासून फोमची विमानं बनवतात. थर्माकोलच्या जातीचा हलका पांढरा फोम कापून, चिकटवून, त्याला इवलीशी मोटर, पुढे पंखा, पोटात बॅटरी आणि हातात रिमोट. अशी हौस असलेली बाकीची माणसं विमान पडेल म्हणून घाबरतात. साडूबुवा विमान तापेल म्हणून घाबरतात.

हे सगळं ठाऊक असूनही माझ्या हातून जे घडलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. एका शाळेच्या प्रदर्शनात ठेवलेलं त्यांचं एक विमान मला गाडीतून घरी पोचवायचं होतं. मे महिना, दुपार. "कुठं थांबू नका पाहुणे, सरळ घरी या," असं त्यांनी बजावलं होतं. पण वाटेत शेंगाचटणी घ्यायची होती आणि बायकोनं सांगितलेलं ज्वारीचं दळणही. थांबताना मी हुशारी केली. मागच्या सीटवर एका पाहुण्यांना द्यायला घेतलेली नवी चादर होती, ती विमानाला ऊन लागू नये म्हणून दुहेरी करून त्याच्यावर नीट पांघरली. मरून रंगाची, मोरांच्या नक्षीची, आपली अस्सल सोलापुरी. ती सरकू नये म्हणून वर पिठाचा डबा ठेवला. काचा लावल्या आणि चटणीवाल्याशी घासाघीस करत बसलो. घरी जाऊन चादर काढली तर विमानाच्या पाठीवर मोर उठला होता. चादरीचा धागा न् धागा फोमवर उमटलेला, पिसाऱ्याच्या कडांसकट. साडूबुवांनी बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "वर डबा कसला होता?"

"ज्वारीच्या पिठाचा."

"म्हणजे भाकरीच थापलीत की."

एवढंच बोलले. ते विमान मात्र त्यांनी टाकून दिलं नाही. इतर विमानांच्या रांगेत सगळ्यात शेवटी टांगलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला "हे आमच्या पाहुण्यांचं" अशी ओळख करून द्यायला लागले. ते ऐकून लोक माझं कौतुक करतात. मी मान खाली घालतो, त्याला ते विनय समजतात.

ह्या भांडणाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे असं माझं मत. पाटबंधारे खात्यात ते उजनी धरणावर होते, आणि तिथं त्यांच्याकडे जे काम होतं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. उघड्यावर एक मोठं पसरट भांडं पाण्यानं भरून ठेवलेलं असतं. रोज सकाळी जाऊन त्यातलं पाणी उन्हानं किती कमी झालं ते बघायचं. त्यावरून अख्ख्या धरणातलं किती उडून गेलं त्याचा अंदाज बांधतात. म्हणजे चोर रोज येणार, रोज नेणार, आणि ह्यांनी फक्त काय गेलं ते बघायचं, असा तो प्रकार. सूर्याला ते 'साहेब' म्हणतात. मला आधी वाटायचं आदरानं. मग कळलं की खात्यातल्या एका साहेबांवरून. "तेही असेच," साडूबुवा म्हणाले, "सकाळी शांत यायचे, बारानंतर जवळ जायची सोय नाही, आणि जाताना काहीतरी घेऊन जायचे."

त्यांच्या घरात तीन खोल्या आहेत, आणि मधल्या खोलीला बाहेरची भिंतच नाही. उन्हाळ्यात अंग टाकावं तर तिथंच. म्हणून तिथं विमानं राहतात. छताला दोऱ्यांनी टांगलेली, एकमेकांना न लागता, सावकाश डोलत. माणसं राहतात पश्चिमेच्या खोलीत, जिच्या भिंतीला रात्री जेवणानंतरही हात लावला तर चटका बसतो. एकदा आम्ही दोघं मुक्कामाला होतो. मी भीतभीत विचारलं, "मधल्या खोलीत पडू का?" देवघरात चपला घालून गेल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही घोरता," म्हणाले. मी म्हटलं, घोरण्याचा विमानांना काय त्रास? "श्वासानं खोली दमट होते." आक्कानं त्या रात्री मला ओला पंचा आणून दिला आणि हळूच म्हणाली, "मला लग्नात सांगितलं असतं तर मीपण फोमचीच जन्मले असते."

गच्चीच्या कठड्यावर फोमचे दोन-चार तुकडे त्यांनी मुद्दाम उन्हात टाकून ठेवलेले असतात. आलेल्या माणसाला पाण्याच्या तांब्याआधी त्यातला एक दाखवला जातो. "हे बघा. आधी पिवळं पडतं. मग वरचा थर पिठासारखा बोटाला लागतो. मग कडक होतं. आणि मग एक दिवस," असं म्हणून ते तो तुकडा खारी बिस्किटासारखा कटकन मोडतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दुःख आणि आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान असं काही मिसळलेलं असतं की पाहुण्याला तहान लागल्याची आठवणच राहत नाही. गडद रंगाची त्यांच्याकडे सक्त मनाई. काळा, निळा, मरून असले रंग ऊन पितात, आणि फोम फुगून त्याला फोड येतात. म्हणून त्यांची सगळी विमानं पांढरी. आकाशात गेली की दिसत नाहीत हा त्यातला बारीकसा दोष.

हे विमानांपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण लग्नाच्या मांडवात ते खुर्ची निवडतात तीही, चार वाजता ऊन कुठं सरकेल ते बघून. एसटीत कुठल्या बाजूला बसायचं हे अख्खं नातंगोतं त्यांना फोन करून विचारतं. अक्कलकोटला सकाळी निघाला असाल तर उजवीकडे, आणि संध्याकाळी परत येतानाही उजवीकडेच. हे मला कधीच पटलं नाही, म्हणून एकदा येताना मुद्दाम डावीकडे बसलो. सोलापूर येईपर्यंत माझा अर्धा चेहरा दुसऱ्याच माणसाचा झाला होता. पुतण्यासाठी स्थळ बघायला गेले तेव्हा सगळ्यांना मुलगी पसंत पडली. हे एकटे अंगणात उभे. "मुलगी छान आहे," म्हणाले, "पण घराचं तोंड पश्चिमेला आहे. चिडचिडी माणसं असणार." लग्न झालं. माणसं चिडचिडी निघाली. त्यानंतर त्यांच्याशी वाद घालणं आम्ही सोडून दिलं.

विमानांना कपडे शिवायची आक्का. बाहेरून पांढरं मांजरपाट, आतून जुन्या लुगड्याचा मऊ थर, शेपटीकडे नाडी. प्रत्येक विमानाची खोळ वेगळी. विमान पाटावर ठेवून ती टेपनं मापं घ्यायची, आणि त्या मापांना नावं ब्लाउजचीच असायची. पंखाला ती बाही म्हणते. "डावी बाही मोठी झालीय हो तुमची," असं तिनं म्हटलं की साडूबुवा फूटपट्टी घेऊन धावत येत. पोरं मोठी होऊन नोकऱ्यांसाठी पुण्याकडे गेल्यावर त्या घरात शिवणयंत्राचा आवाज टिकला तो विमानांमुळे.

उडवायची वेळ एकच: झुंजूमुंजू. गावाबाहेरच्या एका माळावर, अंधार नुकता पातळ होत असताना, स्वेटर घातलेले साडूबुवा विमान सोडायचे. चार फेऱ्या झाल्या न झाल्या तोच पूर्वेला तांबडं फुटायचं, की "निघाले साहेब" म्हणून विमान खाली, खोळ वर, नाडी बंद. शिवाय विमानाची एक खास छत्री आहे, भलीमोठी, काळ्या कापडावर आक्कानं पांढरं कापड शिवलेली. ती उघडून घरापर्यंत मिरवणूक. मी एकदा गेलो होतो. वर कुठंतरी भुंगा फिरतोय इतकंच कळलं. मी परतताना विचारात पडलो की ज्या वस्तूचा जन्म आभाळासाठी आहे तिला आभाळापासूनच इतकं जपायचं म्हणजे काय. मग घरी येऊन कपाट उघडलं. लग्नात मिळालेला काचेचा सेट आमच्याकडे अजून गवतात गुंडाळलेला आहे. मी कपाट लावून घेतलं.

आक्काच्या डोळ्यांचं कधी सुरू झालं ते कुणालाच कळलं नाही. खोळीची शिवण वाकडी यायला लागली. सुईत दोरा ओवायला ती उंबऱ्यात, उन्हात जाऊन बसायला लागली. त्या घरात ऊन अंगावर घेणारं ती पहिलंच माणूस. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली तेव्हा डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली औषधानं जमेल तेवढी सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. अंधुकात जवळजवळ काहीच नाही. भरपूर उजेड असेल तर थोडंफार.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी आम्ही चौघं चहा पीत बसलो होतो. आक्का एका खोळीला नाडी घालत होती, बोटांनीच, न बघता.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "ह्या घरातल्या एकूण एक विमानाचं अंगडं मी शिवलं. उडताना एकबी बघितलं न्हाई."

"तू गेली होतीस की एकदा माळावर," माझी बायको म्हणाली.

"गेले होते. दिसलं न्हाई काही."

साडूबुवांचा कप बशीवर थांबला. "छान म्हणालीस की मला."

"मग काय म्हणू? एवढ्या गारठ्यात मला मफलर गुंडाळून नेलं होतं तुम्ही. मला वाटलं सगळ्यांनाच दिसत नसेल."

तिनं नाडीची गाठ मारली आणि खोळ घडी करून मांडीवर ठेवली. "अजून काही महिन्यांनी वर आभाळ हाय का छत हाय तेबी कळायचं न्हाई मला. दाखवायचं असलं तर आत्ता दाखवा. उजेडात."

"उजेडात म्हणजे सकाळी सात वाजता..."

"उजेडात म्हणजे उजेडात हो."

आठवड्यानं मी गेलो तर दारातच रंगाचा वास. मधल्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून साडूबुवा उकिडवे बसलेले, हातात ब्रश, आणि पुढ्यात मोराचं विमान, अर्धं मरून झालेलं. डब्यातला स्प्रे फोमला खातो म्हणून भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग ते पातळ हातानं देत होते. त्या खोलीत मरून रंग मी पहिल्यांदाच बघत होतो.

"पांढरं विमान पांढऱ्या आभाळात तिला दिसणार नाही," वर न बघता ते म्हणाले. "गडदच पाहिजे."

"पण तापेल की हो."

"तापणार."

"मग?"

"म्हणून तर मोराचं घेतलं. त्याला एकदा सवय झालीय."

जागाही त्यांनीच ठरवली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरकलं की काठाला मैलभर जमीन उघडी पडते, सपाट, पांढुरकी, भेगाळलेली. "साहेबांनीच मोकळं केलेलं मैदान," साडूबुवा म्हणाले. लग्नानंतरची पहिली वर्षं आक्कानं तिथल्याच क्वार्टरमध्ये काढली होती. आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघालो. एसी विमानासाठी लावला होता, त्याचा फायदा आम्हालाही झाला. विमान खोळीत, आक्काच्या मांडीवर आडवं, त्याची एक बाही माझ्या बायकोच्या मांडीवर. वाटेत मी कुठंही थांबलो नाही. चहाला थांबू का असं मी विचारल्यावर तिघांनी एकदम "नको" म्हटलं.

पोचलो तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं. मोटारपंपाचा पाइप खांद्यावर घेऊन एक शेतकरी केळीच्या रानाकडे निघाला होता, तो आमच्याजवळ थबकला.

"काय वो, मोजणी हाय का?"

"नाही. विमान आहे," मी म्हटलं.

"फवारणीचं व्हय?"

"नाही."

"मग काय करतंय?"

"उडतं."

"नुस्तंच?" त्यानं आभाळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "ह्या उनात?" मग पाइप खाली ठेवून बाभळीखाली बसला. "उडवा की मग."

साडूबुवांनी खोळ काढली, घडी केली आणि आक्काच्या हातात दिली. विमानाची ती मोठी छत्री उघडून माझ्या बायकोकडे दिली. "हिच्यावर धर," म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या छत्रीखाली पहिल्यांदा माणूस आला. आक्का गाडीला टेकून, बरोबर आणलेल्या खुर्चीवर बसली होती. साडूबुवा चार पावलं पुढे, टोपी नाही, टकलावर ऊन. त्यांनी विमान एकदा हातात तोललं आणि सोडलं.

विमान वर गेलं. फार वर त्यांनी नेलं नाही. दोन पुरुष उंचीवर, सावकाश, मोठाल्या फेऱ्या. मरून रंग त्या धगधगत्या पांढऱ्या आभाळात असा काही उठून दिसत होता की शेतकरीही उभा राहिला.

"दिसतंय का?" वरची नजर न काढता साडूबुवांनी विचारलं.

"दिसतंय."

"छान म्हणू नकोस. कुठं आहे सांग."

"तुमच्या उजव्या अंगाला."

तिथंच होतं.

"आता?"

"माघारी वळलं. बाभळीकडं चाललंय."

बरोबर होतं.

"आता?"

"आता हिकडं यायलंय. माझ्याकडंच यायलंय हो." आणि ते खरोखरच भुणभुणत आमच्यावरून गेलं. आक्का पदर तोंडाला लावून हसत होती. "गेलं. गेलं डोक्यावरनं."

त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं, एकदाही चुकली नाही. चार-पाच फेऱ्यांनंतर डावा पंख वर वळायला लागला, निखाऱ्यावरच्या पापडासारखा. विमान एका अंगावर कलायला लागलं.

"साडूबुवा, पंख वाकायलाय," मी म्हटलं.

"वाकू द्या."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकेन असं मला कुणी लिहून दिलं असतं तरी पटलं नसतं. विमान तिरकं तिरकं उतरलं, मातीवरून घसरत गेलं आणि थांबलं. शेतकऱ्यानं ते उचलून आणून दिलं. "लई तापलंय वो," म्हणाला. पंखांना फोड आले होते. पाठीवरचा मोर आता नीट ओळखू येत नव्हता. साडूबुवांनी ते खोळीत घातलं नाही. तसंच उघडं भुईवर ठेवलं आणि आक्काच्या खुर्चीशेजारी मातीत बसले. छत्री तिच्यासाठी होती. ते उन्हातच बसले, आणि पहिल्यांदाच त्यांनी वर बघून साहेबांबद्दल काही म्हटलं नाही. आक्कानं खोळीची घडी उलगडून त्यांच्या टकलावर ठेवली.

संध्याकाळी त्या दोघांना घरी सोडून आम्ही परत निघालो. मी खुशीत होतो. मी बायकोला म्हटलं, बघ, मरून रंगाची युक्ती कशी लागू पडली, आक्काला प्रत्येक वळण दिसलं. शिवाय मोराचंच विमान कामाला आलं, म्हणजे एका अर्थी माझाही त्यात हात आहे.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बायको म्हणाली, "आक्कानं वर बघितलंच नाही."

"असं कसं? एकदाही चुकली नाही ती."

"छत्री मी धरली होती, अहो. एवढी मोठी छत्री डोक्यावर, तिला वरचं दिसणार कसं? तुम्ही सगळे वर बघत होतात. ती खाली बघत होती. त्या पांढऱ्या मातीवर सावली पळत होती विमानाची, चांगली ठळक. तीच बघून सांगत होती ती."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

"दाजींना फोन करून सांगा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी रंग नका लावू म्हणावं. विमान पांढरं असलं तरी सावली काळीच पडते."